लोखंडाला वळण लावणारी यंत्रं

कोल्हापूरचं लोखंड म्हटलं की आठवतो तो भट्टीतून साच्यात उतरणारा लाल रस. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनं आणि पंप तयार होऊ लागले तेव्हापासून या शहराची ओळख ओतकामाची. उचगावही त्याच ओळखीतलं गाव. घाटगे पाटील इंडस्ट्रीजची फाउंड्री इथलीच. पण ओतीव भाग कुठे एकटा जात नाही. जनरेटरचं इंजिन ओतीव असतं, त्यावरची पेटी पत्र्याची. ट्रॉलीच्या चाकाचा हब ओतीव, फाळका पत्र्याचा. पंप ओतीव, त्याला जोडलेली पाइप वाकवलेली. पत्रा, प्लेट, पाइप, अँगल आणि सळई यांना हवा तसा वाक देणारा हा दुसरा धंदा फाउंड्रीच्या सावलीत वाढला आणि सावलीतच राहिला. त्याच्यावर कुणी फारसं लिहीत नाही, कारण त्यात ठिणग्या नाहीत की धग नाही. पत्रा आत जातो, मशीन एक हुंकार देतं आणि पत्रा काटकोनात बाहेर येतो.

पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरला पूर्वेकडून वळसा घालून जातो, त्या वळशावर तावडे हॉटेलच्या परिसरात उचगाव वसलं आहे. शेजारी गांधीनगरची कापडाची घाऊक बाजारपेठ. उत्तरेला पंचगंगेपलीकडे शिरोलीची औद्योगिक वसाहत, दक्षिणेला गोकुळ शिरगाव, त्याच्याही पुढे कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत. या पट्ट्यात मोठ्या कारखान्यांची कामं घेणाऱ्या जॉबवर्कच्या शेड आहेत आणि गावाच्या हद्दीतल्या ग्रिल, गेट, ट्रॉलीच्या फॅब्रिकेशनच्या शेडही. कोणत्या शेडमध्ये कोणतं बेंडिंग मशीन उभं आहे यावरून ती शेड काय बनवते, कुणासाठी बनवते आणि तिथलं कसब कुणाकडे आहे, हे बरंचसं कळतं. या लेखात त्या यंत्रांची ओळख करून घ्यायची आहे.

वाकवायचं कशासाठी?

दोन मिलिमीटर जाडीची, १०० मिलिमीटर रुंदीची पट्टी दोन टोकांना टेकवून मधे हात दाबला तर ती लगेच लवते. तिच्याच दोन्ही कडा २०-२० मिलिमीटर वर वळवून चॅनल केलं, तर त्या पट्टीचा लवण्याला असलेला विरोध सुमारे शंभरपट होतो. लोखंड एक ग्रॅमही वाढलं नाही, फक्त आकार बदलला. ट्रॉलीच्या बाजूच्या पत्र्याला दाबून उठवलेल्या उभ्या नळ्या, कपाटाच्या दाराची आत वळवलेली कड, छपराच्या पत्र्याची नागमोड, हे सगळं त्यासाठीच. जाड प्लेट विकत घेण्यापेक्षा पातळ पत्रा वाकवणं स्वस्त पडतं, हे या धंद्याचं मूळ अर्थशास्त्र आहे.

वाकताना आत काय घडतं? बाकाच्या बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. मधे कुठेतरी एक थर असा असतो की जो ताणला जात नाही आणि दाबलाही जात नाही. हा थर बरोबर मध्यावर राहिला असता तर हिशेब सोपा झाला असता. पण तो आतल्या बाजूला सरकतो. म्हणून बाहेरून १०० आणि ५० मिलिमीटर मापाचा काटकोन दोन मिलिमीटर पत्र्यातून हवा असेल, आतली गोलाई तीन मिलिमीटर असेल, तर पत्रा १५० नव्हे, साधारण १४६ मिलिमीटर कापावा लागतो. नवशिका १५० कापतो आणि पेटीचं झाकण बसत नाही. जुने मिस्त्री हा फरक कागदावर न मांडता एक तुकडा वाकवून गुण्या लावतात आणि मग माप ठरवतात.

दुसरी अडचण त्याहून चिवट. पत्र्याला दाबणारा पंच वर उचलला की पत्रा थोडा परत उघडतो. याला शेडमध्ये सगळेच ‘स्प्रिंग बॅक’ म्हणतात. नेहमीच्या एमएस (माइल्ड स्टील) पत्र्यात हे मागे येणं एक-दोन अंशांचं, स्टेनलेसमध्ये दोन-तीन अंशांचं, जास्त ताकदीच्या पोलादात त्याहून बरंच जास्त. म्हणून ९० अंश हवे असतील तर ८८ पर्यंत दाबायचं. पण किती, हे पत्र्याच्या जाडीवर, त्याच्या कडकपणावर, इतकंच काय, गिरणीत तो कोणत्या दिशेने लाटला गेला यावरही ठरतं. लाटण्याच्या दिशेला समांतर बाक घेतला तर बाहेरच्या कडेला चीर पडण्याची शक्यता वाढते. एकाच गिरणीच्या दोन गठ्ठ्यांतला पत्राही सारखा वागत नाही. बेंडिंग मशीनचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा प्रवास म्हणजे या मागे येण्याशी केलेली झटापट आहे.

बैलगाडीच्या धावेपासून साखर कारखान्यापर्यंत

सगळ्यात जुनं वाकवण्याचं यंत्र बहुतेक गावांनी पाहिलेलं आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवायची लोखंडी धाव तयार करताना लोहार सरळ पट्टी तीन रुळांमधून पुन्हापुन्हा फिरवून गोल करत असे. मग टोकं जोडायची, धाव तापवायची, फुगली की चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचं. आजचं प्लेट रोलिंग मशीन हे त्याच तीन रुळांचं मोठं रूप आहे.

यात तीन प्रकार ठळक. पहिला पिरॅमिड: खाली दोन रूळ, वर एक. वरचा रूळ जसजसा खाली येतो तसतशी प्लेट गोल होत जाते. बांधणी साधी, देखभाल कमी. दोष एकच, की प्लेटची दोन्ही टोकं सरळच राहतात, कारण टोकाला आधार देणारा दुसरा रूळच नसतो. मग ती टोकं आधी प्रेसवर वाकवून घ्यावी लागतात, नाहीतर घणाने. दुसरा प्रकार पिंच रोलिंगचा: दोन रूळ प्लेट चिमटीत धरतात आणि तिसरा बाजूने वळवतो. इथे टोक वळतं, पण दुसऱ्या टोकासाठी प्लेट बाहेर काढून उलटी घालावी लागते. तिसरा चार रुळांचा: मधले दोन प्लेट धरून ठेवतात, बाजूचे दोन दोन्ही टोकांना वळण देतात, प्लेट बाहेर काढायची गरज पडत नाही. क्रेनला प्लेट उचलून उलटी करण्याची दगदग वाचते म्हणून मोठ्या, जाड प्लेटच्या कामांना हेच मशीन सोयीचं.

कोल्हापूर जिल्ह्यात या रोलिंगचं मोठं गिऱ्हाईक साखर कारखाने. रस उकळणाऱ्या पॅनचं अंग, बाष्पीभवनाची भांडी, टाक्या, धुराडी, सगळं गोल. ऊस गाळपाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, म्हणून दुरुस्तीची आणि नव्या भांड्यांची घाई पावसाळ्यात असते. शेतकऱ्याची पेरणी आणि रोलिंगवाल्याचा हंगाम एकाच ढगाखाली येतो. हिशेबही या कामात जपून करावा लागतो. आतून १२०० मिलिमीटर व्यासाचं, १० मिलिमीटर जाडीचं टाकीचं अंग करायचं, तर प्लेटची लांबी १२०० च्या परिघाइतकी घेऊन चालत नाही. जाडीच्या मध्याचा व्यास १२१०, त्याचा परीघ सुमारे ३८०१ मिलिमीटर. तीन सेंटिमीटर कमी कापली तर सांधा जुळत नाही आणि एवढी मोठी प्लेट भंगारात घालणं परवडत नाही.

दुधाच्या टाक्यांचं काम याच रोलिंगचं, पण स्वभाव निराळा. १९६३ साली स्थापन झालेल्या ‘गोकुळ’ने, म्हणजे कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाने, या भागात स्टेनलेसची गरज गावोगावी नेली. स्टेनलेस वाकवताना कडक होत जातं, जास्त मागे येतं आणि त्याच्यावर ओरखडा उठला की तिथे घाण साठते. म्हणून दुधाच्या टाकीसाठी रूळ स्वच्छ हवेत. आधी ज्या रुळांवर गंजकी एमएस प्लेट फिरली त्यांवर स्टेनलेस तसंच घातलं तर लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि पुढे तिथे गंजाचे डाग दिसतात. मशीन तेच, पण काम बदललं की शिस्तही बदलते.

प्रेस ब्रेक: धंद्याचा कणा

सरळ रेषेत वाक द्यायचा तर प्रेस ब्रेक. खाली व्ही आकाराची खाच असलेली डाय, वर धारदार पंच, मधे पत्रा. बोलायला साधं, पण या एका यंत्राच्या तीन पिढ्या आज एकाच रस्त्यावरच्या शेडमध्ये एकत्र नांदतात.

पहिली पिढी मेकॅनिकल. मोठं चाक सतत फिरत असतं, पायाखालची पट्टी दाबली की क्लच लागतो आणि पंच पूर्ण एक फेरी करतो. वेगवान, दणकट, वर्षानुवर्षं चालणारं. पण जुन्या पद्धतीच्या क्लचमध्ये फेरी एकदा सुरू झाली की मधे थांबवता येत नाही. या एका वाक्याची किंमत किती, ती पुढे पाहू.

दुसरी पिढी हायड्रॉलिक. तेलाच्या दाबावर पंच खाली येतो, हवा तिथे थांबतो, हवा तेवढा दाब देतो. मागच्या बाजूला बॅक गेज असतो, पत्रा त्याला टेकवला की बाकाची जागा पक्की होते. आज या पट्ट्यात नव्याने घेतलं जाणारं मशीन बहुधा हेच. बरीचशी मशीनं राजकोटसारख्या ठिकाणी बनलेली असतात. त्यावर बसणारे कंट्रोलर मात्र अनेकदा डेलेम या डच, सायबेलेक या स्विस किंवा ईएसए या इटालियन कंपनीचे असतात.

तिसरी पिढी सर्व्हो इलेक्ट्रिक. तेल नाही, पंप नाही, मोटरी थेट पंच हलवतात. वीज लागते ती काम चालू असतानाच, आवाज कमी, अचूकता जास्त. जपानची अमाडा, जर्मनीची ट्रम्फ अशा कंपन्यांनी ही वाट रुळवली. किंमत मात्र लहान शेडच्या आवाक्याबाहेरची, आणि जाड प्लेटसाठी हायड्रॉलिकच बरं.

टनेज हा शब्द मालकांच्या तोंडी सतत असतो. शंभर टनी, दीडशे टनी. पण टनेजचं गणित क्वचितच कुणी कागदावर मांडतं. एमएससाठी सोपा नियम असा: पत्र्याच्या जाडीचा वर्ग करा, ६५ ने गुणा, डायच्या व्ही खाचेच्या रुंदीने भागा, उत्तर येतं दर मीटर लांबीला लागणारे टन. खाच साधारण जाडीच्या आठपट घ्यायची. तीन मिलिमीटर पत्रा, २४ मिलिमीटरची खाच: मीटरला साधारण २४ टन. सहा मिलिमीटर प्लेट, ४८ ची खाच: साधारण ४९ टन. म्हणजे तीन मीटर लांबीची सहा मिलिमीटर प्लेट वाकवायला दीडशे टनी मशीन पूर्ण क्षमतेला जातं. आता कुणी घाईत डाय न बदलता सहा मिलिमीटर प्लेट २४ च्याच खाचेत घातली, तर मीटरला जवळजवळ ९८ टन लागतात. डाय फुटते ती अशी. फुटलेल्या डायचा तुकडा मशीनच्या बाहेर कुठे जाईल हे कुणी सांगू शकत नाही.

खाच रुंद घेतली की आतली गोलाईही मोठी येते. एमएससाठी ती खाचेच्या सुमारे १६ टक्के. म्हणून ज्या ग्राहकाला बारीक, तीक्ष्ण कोपरा हवा असतो त्याला मोठ्या खाचेतला जॉब पटत नाही, आणि मिस्त्रीला मशीन वाचवायचं असतं. ही ओढाताण ड्रॉइंग पाहतानाच मिटवायची असते, माल तयार झाल्यावर नव्हे.

लांब मशीनमध्ये आणखी एक गंमत घडते. दाब दिला की खालचा पलंग आणि वरचा बीम दोन्ही मधोमध किंचित लवतात. टोकांना ९० अंश, मधे ९१ किंवा ९२. यावर उपाय म्हणून पलंगाच्या मधोमध पाचरी किंवा छोटे सिलिंडर बसवून त्याला आधीच किंचित वर उचलून ठेवतात. ही सोय नसलेल्या मशीनवर मिस्त्री डायखाली कागदाच्या पट्ट्या सरकवून मेळ जमवतो. हा उपाय बऱ्याच शेडमध्ये चालतो.

कॅनोपीने दिलेलं काम

प्रेस ब्रेकला या भागात काम कुठून मिळतं? त्यातला एक प्रवाह सरळ सरकारी नियमातून आला आहे. १ जानेवारी २००५ नंतर बनलेल्या, १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरचा आवाज त्याच्या पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलपेक्षा जास्त असू नये आणि ही आवाज अडवणारी पेटी, म्हणजे कॅनोपी, कारखान्यातच बसवून द्यावी, असा नियम आहे. त्यामुळे इंजिनवाल्याला इंजिनाइतकीच पत्र्याची पेटी लागू लागली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना कागलच्या पंचतारांकित वसाहतीत आहे. जनरेटरसोबत कॅनोपी आली आणि कॅनोपीसोबत दारं, झडपा, आवाज शोषणाऱ्या थराला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, वायरींची खोकी, अशी शेकडो वाकवलेल्या तुकड्यांची यादी.

कॅनोपीसारख्या कामात एका तुकड्याला दहा-बारा बाक असतात आणि त्यांचा क्रम ठरवावा लागतो. चुकीच्या क्रमाने वाकवलं तर शेवटचा बाक घेताना आधी वर आलेली बाजू पंचला आदळते. म्हणून मानेत बाक असलेला गूसनेक पंच वापरतात. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर हा क्रम पडद्यावर आधी चालवून पाहता येतो. लेझर कटिंगमुळे पत्र्याची मापं आता इतकी अचूक येतात की पुढच्या चुका बेंडिंगमध्येच उघड्या पडतात. पूर्वी वेल्डर फटी भरून काढायचा. आता रोबोट वेल्डिंगच्या काळात फट चालत नाही. म्हणून बेंडिंग ऑपरेटरवरची जबाबदारी वाढली, त्याचा पगार मात्र त्या प्रमाणात वाढला असं म्हणता येणार नाही.

फोल्डर, पॅनल बेंडर, रोल फॉर्मिंग

प्रेस ब्रेकमध्ये पत्रा डायच्या कडांवरून घसरतो, म्हणून रंगीत किंवा आरशासारख्या पत्र्यावर रेषा उठतात. फोल्डिंग मशीनमध्ये पत्रा पट्टीखाली धरून ठेवतात आणि बाहेर राहिलेला भाग एक पाखा फिरून वर वळवतो. घासणं नाही, म्हणून डाग नाही. हाताने चालणारा फोल्डर साधारण दीड मिलिमीटरपर्यंतच्या पत्र्याचा, डक्टिंग करणाऱ्यांकडे सर्रास दिसतो. याचंच मोठं, स्वयंचलित रूप म्हणजे पॅनल बेंडर: पाती वरून आणि खालून दोन्हीकडून पत्रा वळवतात, पत्रा उलटा करावा लागत नाही. कपाट आणि विजेच्या पॅनलच्या हजारोंच्या उत्पादनात ते परवडतं, लहान जॉबवर्कवाल्याला परवडत नाही.

आणि एकच आकार मैलोन्मैल हवा असेल तर रोल फॉर्मिंग. पत्र्याचं बंडल एका टोकाने आत जातं, रुळांच्या एकामागोमाग जोड्या त्याला थोडं थोडं वळवत नेतात आणि दुसऱ्या टोकाला छपराचा रंगीत पत्रा किंवा सी आकाराची पर्लिन बाहेर पडते. उचगावच्या शेडच्या डोक्यावरचं छप्पर बहुतेक अशाच मशीनमधून आलेलं असतं.

पाइप आणि अँगल

पाइप वाकवणं पत्र्यापेक्षा अवघड, कारण ती आतून पोकळ. बाकाच्या बाहेरची भिंत पातळ होते, आतली सुरकुतते आणि मधला छेद चपटतो. बाकाची मध्यरेषेवरची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या दीडपट असेल तर बाहेरच्या बाजूला मूळ लांबीच्या एक तृतीयांश इतकं ताणावं लागतं. म्हणून बॉयलरसारख्या दाबाच्या कामात बाकाजवळची उरलेली जाडी मोजून पाहतात.

जुना उपाय पाइपमध्ये कोरडी वाळू गच्च भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची, तापवायची आणि वळवायची. ग्रिल आणि रेलिंगच्या कामात आजही हे दिसतं. प्लंबर वापरतो तो हाताच्या पंपावरचा हायड्रॉलिक बेंडर, मधून ढकलणारा. कारखान्यात रोटरी ड्रॉ मशीन: पाइप फिरणाऱ्या डायवर चिमटून धरायची, छेद चपटू नये म्हणून आत मॅन्ड्रेल ठेवायचा, सुरकुती पडू नये म्हणून मागे वायपर डाय लावायची आणि पाइप ओढून वळवायची. वाहनांच्या सायलेन्सरच्या आणि फर्निचरच्या पाइपा अशाच होतात. तेलवाहिनीच्या जाड पाइपांसाठी इंडक्शन बेंडिंग: पाइपचं एक अरुंद कडं विजेने लालभडक तापवायचं, पाइप ढकलत राहायची आणि मागोमाग पाण्याने थंड करायची.

अँगल, चॅनल आणि चौकोनी पाइप गोल करणारं सेक्शन बेंडिंग मशीन म्हणजे धावेच्या रुळांचं तिसरं भावंड. कमानीचं गेट, मंगल कार्यालयाचं प्रवेशद्वार, टाकीच्या तोंडाची अँगल रिंग. अँगल वळताना तिरपा होऊ पाहतो, त्याला बाजूने आधार देणारे रूळ नसतील तर एक पाय वर उचलला जातो. ते सरळ करायला घणच लागतो.

घराघरातलं बेंडिंग

कारखान्यात न जाणाऱ्या माणसालाही वाकवलेलं लोखंड रोज आधार देतं. प्रत्येक खांबात आणि बीममध्ये सळईच्या रिंगा असतात. फळीवर ठोकलेल्या खिळ्यांभोवती हाताने रिंगा वाकवणारा सळई कामगार आणि मोठ्या साइटवरचं बार बेंडिंग मशीन, दोघांचं काम एकच. पण रिंगचं टोक ९० अंशांत वळवायचं की १३५, यावर खूप काही अवलंबून आहे. भूकंपात खांबाचं बाहेरचं काँक्रीट निखळतं तेव्हा ९० अंशाचा हूक उघडतो आणि रिंग सुटते. १३५ अंशाचा हूक आतल्या काँक्रीटमध्ये अडकलेला राहतो. म्हणून भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस १३९२० या संहितेत १३५ अंशाचाच आग्रह आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा धक्का बसलेल्या भागात हे सांगायची वेळ येऊ नये. पण आठवडाभराची घाई असली की हूक ९० वरच थांबतो, कारण तो वळवायला एक धक्का कमी लागतो. इथे महाग मशीन लागत नाही. ४५ अंश पुढे वळवायचा आग्रह धरणारा घरमालक लागतो.

बोटांचा हिशेब

आता त्या मेकॅनिकल ब्रेककडे परत जाऊ, ज्याची फेरी एकदा सुरू झाली की थांबत नाही. पत्रा लहान असेल तर ऑपरेटरचे हात डायच्या जवळ असतात. दोन माणसं लांब पत्रा धरून उभी असतात, एक जण पाय पट्टीवर ठेवतो, दुसऱ्याचा हात अजून आत असतो. हायड्रॉलिकमध्येही पाय चुकून पडू शकतो. पत्रा वाकताना वर झेपावतो, तोंडाला लागतो. पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात. या धंद्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाची बोटं मोजायची सवय बघणाऱ्याला आपोआप लागते.

कायद्याने बोटाची किंमत टक्क्यांत लावली आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेची हानी ३० टक्के धरली होती, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एकाच हाताची दोन बोटं गेली तर २०. हा तक्ता कोर्टाच्या कामाचा. पण गुण्या धरणारा, पत्र्याची धार बोटाने चाचपणारा मिस्त्री तर्जनी गमावतो तेव्हा त्याचं नेमकं किती जातं, ते १४ या आकड्यात बसत नाही.

उपाय नवे नाहीत. १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम २१ धोक्याच्या यंत्रभागांना कुंपण घालायलाच सांगत होतं. प्रेस ब्रेकवर साधं कुंपण अडचणीचं, कारण पत्रा हातात धरावा लागतो. म्हणून पंचच्या टोकाखाली त्याच्यासोबत खाली येणारा लेझर किरण बसवतात. किरणात बोट आलं की बीम जागीच थांबतो. जिथे हा लेझर नाही तिथे पंच पत्र्याजवळ येताना वेग सेकंदाला १० मिलिमीटरपेक्षा कमी ठेवण्याची युरोपीय रीत आहे. त्या वेगात हात मागे घ्यायला वेळ मिळतो. लहान तुकड्यांसाठी चुंबकाचे चिमटे, दोन हातांची बटणं, प्रत्येक माणसामागे एक पायपट्टी, अशा गोष्टी स्वस्त आहेत. तरीही लहान शेड अनेकदा कामगारसंख्येमुळे कारखान्यांच्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते आणि तपासणीला कुणी येत नाही. मग सुरक्षा मालकाच्या मनावर राहते.

मशीन घेताना

नवीन मशीन घ्यायला निघालेल्या मालकाच्या डोक्यात टनेज आणि किंमत एवढंच असतं. खरं तर आधी आपली कामं मोजावीत. वर्षभरात कोणती जाडी, कोणती लांबी सगळ्यात जास्त वेळा येते? वर्षातून दोनदा येणाऱ्या १२ मिलिमीटर प्लेटसाठी मोठं मशीन घेण्यापेक्षा ते काम बाहेर करून घेतलेलं परवडतं. रोजचं काम दोन मिलिमीटर पत्र्याच्या खोक्यांचं असेल तर टनेजपेक्षा बॅक गेज आणि कंट्रोलरवर पैसे खर्च करणं शहाणपणाचं. गोल टाक्या हव्यात तर प्रेस ब्रेकवर बारीक बारीक बाक घेत गोल करण्यापेक्षा रोलिंग करून घ्यावं. रंगीत पत्रा हवा तर फोल्डर. आणि मशीन सीएनसी असलं तरी गठ्ठा बदलला की पहिला तुकडा वाकवून मोजणारा माणूस लागतोच. त्याला शिकवायचा खर्च मशीनच्या किमतीतच धरावा.

कोल्हापूरने शंभर वर्षांत ओतकामात नाव कमावलं. वाकवण्याच्या कामातही ते कमावता येईल, कारण गिऱ्हाईक इथेच आहे: इंजिनं, साखर, दूध, ट्रॉल्या, घरं. पण ते नाव नुसत्या अचूक काटकोनाने मिळणार नाही, तो काढणाऱ्याची बोटंही शाबूत राहायला हवीत. म्हणून मालकांना एकच विनंती: पुढचं मशीन घ्यायला जाल तेव्हा विक्रेत्याकडून टनेजचं कोटेशन मागण्याआधी लेझर गार्डचं कोटेशन मागा, आणि ते परवडत नसेल तर ते मशीनही परवडत नाही असं समजा.